आजीला कुठं होतं लायसन्स?

हे सगळं सुरू झालं चाळीस डॉलरवरून. डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को म्हणून गाव आहे, तिथं आम्ही २०१७ पासून राहतोय, आजूबाजूला तेलुगू मंडळी भरपूर आणि मधेमधे आपली मराठी, गुजराती घरं. मागच्या गल्लीत एका मुलीला बाळ झालं, तिची आई व्हिसात अडकलेली, सासू आली पण तिचे गुडघे गेलेले, खाली बसताच येईना, मग बाळाला पायावर घेऊन तेल कोण लावणार. मी म्हटलं मी येते की. आमच्या आजीने कोल्हापुरात गल्लीतली निम्मी पोरं अशी पायावर घेऊन न्हाऊ घातलीत आणि मी शेजारी बसून तेलाची वाटी धरायचे, त्यामुळे हे कुणी शिकवलं असं नाहीच, हात आपोआप चालतात. वीसेक दिवस सकाळी जाऊन आधी बाळाला आणि मग बाळंतिणीला कंबर-पाठ-पोटऱ्या असं तेल लावून दिलं. झालं, तिच्या मैत्रिणीचा फोन आला, ताई माझ्याकडे पण याल का, एका वेळचे चाळीस डॉलर देते.

मी जाम खूश. लग्नाआधी पतपेढीत तीन वर्षं काम केलं होतं, त्यानंतर इतक्या वर्षांत माझ्या हाताला कुणी पहिल्यांदा पैसे देऊ केले होते. रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "थांब जरा, इथं केस कापायला पण लायसन्स लागतं." ताट बाजूला सारून लॅपटॉप घेऊन बसला आणि वीस मिनिटांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली. टेक्सासमध्ये पैसे घेऊन मसाज करायचा तर राज्याचं लायसन्स पाहिजे, नसेल तर गुन्हा. आणि लायसन्स पाहिजे तर मान्यताप्राप्त शाळेत ५०० तास, मग परीक्षा, मग बोटांचे ठसे.

"आजीला कुठं होतं लायसन्स?" मी म्हटलं.

"आजी टेक्सासमध्ये नव्हती," तो म्हणाला आणि परत जेवायला बसला.

इथे एक सांगायला पाहिजे, अमेरिकेत हे प्रत्येक राज्याचं वेगळं आहे. माझी मावसबहीण कॅलिफोर्नियात आहे, तिकडे राज्य लायसन्सच देत नाही, एक कौन्सिल आहे ती सर्टिफिकेट देते आणि ते घेणं कायद्याने ऐच्छिक, पण बऱ्याच गावांच्या नगरपालिका ते मागतात म्हणजे ऐच्छिक कसलं. न्यूयॉर्कला १००० तास लागतात. आमच्याकडे टेक्सासात ५०० वर भागतं. आधी हे खातं आरोग्य विभागाकडे होतं, २०१७ च्या नोव्हेंबरपासून लायसन्स आणि रेग्युलेशनच्या खात्याकडे आलं, टीडीएलआर म्हणतात त्याला, ऑस्टिनला ऑफिस, हेच खातं इलेक्ट्रिशियन, न्हावी, टो-ट्रकवाले असल्या सगळ्यांना लायसन्स देतं. म्हणजे मी, वायरमन आणि गाड्या उचलणारे एका रांगेत.

माझ्याकडे एच-फोरचं, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या बायकोच्या व्हिसाचं, ईएडी होतं, नवऱ्याचं ग्रीन कार्डचं गाडं एका टप्प्यापर्यंत पोचलं असेल तर २०१५ पासून बायकांना काम करायची जी परवानगी मिळते ते. कार्ड दोन वर्षं ड्रॉवरमध्ये पडून होतं. म्हटलं वापरू तरी.

आईला फोनवर सांगितलं आणि पलीकडे एकदम शांतता. मग म्हणाली, "बी.कॉम. झालेली पोरगी अमेरिकेत जाऊन लोकांची अंगं रगडणार? विचारलं कुणी तर सांगू काय?" तिचंही चुकत नाही. ती रोज पेपर वाचते आणि पेपरात मसाज हा शब्द आला की त्याच्यापुढे 'सेंटरवर छापा' असतोच. पण गंमत बघा, आमचेच आजोबा गंगावेश तालमीत जायचे, तिथल्या पैलवानांची अंगं रगडून द्यायचे, ते मात्र घरात अभिमानाने सांगितलं जातं. आजीने बाळंतिणींना तेल लावलं तर ती गुणाची. तेच मी पैसे घेऊन, दार लावून, परक्या माणसाला केलं की आईचा आवाज खाली जातो. हा आवाज पुढं वर्षभर माझ्या डोक्यात होता, खोटं कशाला बोलू.

तर शाळा. संध्याकाळची बॅच, सोमवार ते गुरुवार, साडेपाच ते साडेदहा. फी सगळी मिळून सात हजार डॉलरच्या आसपास, हप्त्याने. आधी राज्याकडून स्टुडंट परमिट काढायचं, ते असल्याशिवाय शाळेत एक तासही मोजत नाहीत, आणि शिकत असताना मसाजचे पैसे घ्यायचे नाहीत. ५०० तासांचे तुकडे कायद्यातच लिहिलेत. २०० तास प्रत्यक्ष मसाजचं तंत्र, त्यातले निदान १२५ स्वीडिश पद्धतीच्या मसाजचे. ५० तास अ‍ॅनाटॉमी, २५ फिजिऑलॉजी, ५० किनेसिऑलॉजी म्हणजे शरीर हलतं कसं ते, ४० पॅथॉलॉजी म्हणजे आजारांची माहिती, २० हायड्रोथेरपी म्हणजे पाण्याचे उपचार, ४५ तास कायदा, धंदा आणि एथिक्स, २० तास स्वच्छता, प्रथमोपचार, सीपीआर, आणि शेवटी ५० तास इंटर्नशिप, खऱ्या क्लायंटवर. आणि ज्याच्यापायी मी हे सगळं मांडलं त्या बाळाच्या मालिशवर आमच्या शाळेत किती तास? शून्य. मी पहिल्याच आठवड्यात विचारलं तर मॅडम म्हणाल्या ते लायसन्स मिळाल्यावर वेगळा कोर्स करून शीक. म्हणजे मला जे येत होतं ते अभ्यासक्रमात नाही आणि अभ्यासक्रमात जे होतं त्यातलं मला काहीच येत नव्हतं.

वर्गात आम्ही अकरा जण. एक व्हिएतनामी बाई जी आधी नेल सलॉनमध्ये होती, एक आर्मीतून निवृत्त झालेला धिप्पाड गडी, दोन विशीतल्या पोरी, एक आजीबाई ज्यांचा नवरा नुकताच गेला होता आणि घरात बसवत नव्हतं. आणि मी, कपाळाला टिकली, डब्यात थालीपीठ.

पहिले पंधरा दिवस तर मी चादरीलाच घाबरले. ड्रेपिंग म्हणतात त्याला. माणूस टेबलवर झोपलेला, अंगावर चादर, आणि ज्या भागावर काम चाललंय तेवढाच उघडा, बाकी सगळं झाकलेलं. पाय उघडायचा तर चादरीचं टोक उचलून मांडीखालून आत खोचायचं, असं की आतली कड नीट बंद झाली पाहिजे, आणि हे करताना आपण तिकडे बघतोय असं समोरच्याला वाटता कामा नये. मॅडम कोपऱ्यात उभं राहून नुसतं चादर खोचायला लावायच्या, उजवा पाय, डावा पाय, पाठ, परत उजवा पाय, एका संध्याकाळी आम्ही तेलाला हातच लावला नाही, नुसत्या चादरी. माझ्या डोक्यात आजी. आजी बाळंतिणीला मोरीत पाटावर बसवायची, दार अर्धवट उघडं, बाहेरून कुणी न कुणी पाणी तापलं का विचारतंय. झाकायचं बिकायचं काही नाही, बायकाबायकांत काय लाजायचं.

आणि मग स्वतः टेबलवर झोपायची पाळी आली, कारण सराव एकमेकांवरच करायचा. नियम असा की कपडे किती काढायचे ते ज्याचं त्याने ठरवायचं, कुणी विचारणार नाही. मी पहिल्यांदा टीशर्ट आणि सलवार घालूनच झोपले. त्या नेल सलॉनवाल्या बाईने काही न बोलता कपड्यावरूनच केलं सगळं. तिसऱ्या आठवड्यात टीशर्ट काढला. ते एवढं मोठं वाटत होतं ना, आणि दहा मिनिटांनी मी घोरत होते.

माझी दुसरी अडचण म्हणजे जोर. आपल्याकडे मालिश म्हणजे रगडणे, समोरचा 'आई गं' म्हणाला की हात बरोबर पडला. आर्मीवाल्याच्या पाठीवर मी अंगठे रुतवले तर तो म्हणाला बाई, मी दोन युद्धं बघितलीत पण हे नको. मॅडमने माझे अंगठे धरून बाजूला केले. अंगठ्याने पाच वर्षं काम करशील, मग अंगठा जाईल, म्हणाल्या. जोर खांद्यातून येत नाही, पायातून येतो, एक पाय पुढे एक मागे, टेबल इतकं खाली घ्यायचं की हात सोडला तर मुठीची हाडं टेबलाला टेकतील, आणि मग वजन नुसतं पुढे सोडायचं. मला हे ऐकून आजोबा आठवले, तालमीत पवित्रा घेतात तो हाच की. घरी आरशासमोर करून बघितलं, नवऱ्याला वाटलं मी झुंबा लावला.

नावं मात्र सगळी फ्रेंच. एफ्लराज म्हणजे लांब हात फिरवणे, पेट्रिसाज म्हणजे कणीक मळल्यासारखं, टपोटमाँ म्हणजे थापट्या. मसाज स्वीडिश, नावं फ्रेंच, आणि ती चिकटवली एका डच डॉक्टरने, असं आमच्या मॅडमने सांगितलं तेव्हा अख्खा वर्ग हसला. टेक्सासच्या कायद्यात तर ही नावं जशीच्या तशी आहेत, आणि त्यांच्यापुढे 'स्वीडिश जिम्नॅस्टिक्स' पण. कायद्याच्या पुस्तकात थापट्या मारायची व्याख्या असू शकते हे मला माहीत नव्हतं.

पॅथॉलॉजीचे ४० तास मला सगळ्यात जड गेले आणि सगळ्यात उपयोगी पण तेच. कुठे हात लावायचाच नाही ते तिथं शिकले. गळ्याची पुढची बाजू, काख, जांघ, गुडघ्याची मागची खोबण, इथे रक्तवाहिन्या आणि नसा वरवर असतात तिथे खोल दाबायचं नाही. ताप असेल तर नाही. आणि एकाच पोटरीवर सूज, गरम, लाल, दुखतीये असं दिसलं तर मुळीच नाही, आत रक्ताची गुठळी असली आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस जाऊ शकतो.

हे शिकून महिना झाला असेल, नवऱ्याच्या मित्राची आई पुण्याहून आली. वीस-बावीस तासांचा प्रवास. आम्ही भेटायला गेलो तर काकू सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेल्या, म्हणाल्या तू तर आता शिकतीयेस ना, जरा ही पोटरी चेपून दे गं, कालपासून ठणकतीये. मी साडी जरा वर करून बघितलं, उजवी पोटरी डावीपेक्षा चांगलीच जाड आणि हाताला गरम. एका वर्षापूर्वीची मी असते तर तेल कोमट करून बसलेच असते. मी हात मागे घेतला. म्हटलं काकू मी नाही करणार, आधी डॉक्टरला दाखवा, आजच. काकूंचं तोंड एवढंसं झालं. मित्र पण वैतागला, पण गेला घेऊन. सोनोग्राफी झाली, गुठळी बिठळी काही निघाली नाही, स्नायू मुरगळलेला आणि प्रवासाची सूज. व्हिजिटर इन्शुरन्सने हात वर केले आणि बिल आलं. काकू अजून फोनवर म्हणतात, तुझ्या त्या अभ्यासापायी माझ्या पोराचे पैसे गेले हो. मी हो म्हणते. उद्या परत अशी पोटरी दिसली तर परत तेच करीन.

इंटर्नशिप झाली, ५०० तास भरले, २०२२ चा मे महिना होता. आता परीक्षा. एमब्लेक्स तिचं नाव, बहुतेक राज्यांत हीच चालते. १०० प्रश्न, ११० मिनिटं, कॉम्प्युटरवर, इंग्रजीत किंवा स्पॅनिशमध्ये, फी तेव्हा २६५ डॉलर. अर्ज भरताना कळलं की नाव हा विषय अजून बाकी आहे. शाळेच्या कागदावर मी आपलं सवयीने नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव असं लिहिलेलं, ड्रायव्हिंग लायसन्सवर मधलं नाव गायब, आणि पासपोर्टवर अजून माहेरचं आडनाव कारण तो लग्नाआधीचा, रिन्यू करताना बदललंच नव्हतं. इथल्या लोकांना एका बाईची तीन नावं समजावून सांगताना मला घाम फुटला. शाळेतून ट्रान्सक्रिप्ट बदलून घेतलं, मॅरेज सर्टिफिकेट जोडलं, तीन आठवडे नुसत्या ईमेल. ज्या कुणी हे करणार असतील त्यांनी शाळेत पहिल्या दिवशी जे ओळखपत्र परीक्षेला दाखवणार त्याच्यावरचं नाव जसंच्या तसं, स्पेलिंगसकट लिहा, एवढं एक माझं ऐका.

पहिल्यांदा मी नापास झाले.

परीक्षेचा प्रकार असा की तुमच्या उत्तराप्रमाणे पुढचा प्रश्न सोपा-अवघड येतो आणि एकदा पुढे गेलं की मागे येता येत नाही. मी आपली शाळेच्या सवयीची, अवघड सोडून पुढं जायचं आणि शेवटी बघायचं, ते इथे चालेना. निकाल तिथंच हातात देतात, एक कागद. बाहेर पार्किंगमध्ये गाडीत बसून वाचला. नापास झालं की कुठल्या भागात कमी पडलात ते सांगतात. मला वाटलं स्नायूंची लॅटिन नावं असणार, रोज रात्री भांडी घासताना स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड म्हणत होते. तर ती ठीक होती. कमी पडले एथिक्स आणि बाउंडरीमध्ये, म्हणजे क्लायंटशी कसं वागायचं आणि कुठं थांबायचं त्यात.

आता खरी परीक्षा काय येते ते सांगायचं नसतं, पण सरावाच्या पुस्तकातला एक प्रश्न सांगते, तो मी दर वेळी चुकवायचे. क्लायंट टेबलवर रडायला लागली, तुम्ही काय कराल. माझं उत्तर ठरलेलं, जवळ जाईन, पाठीवरून हात फिरवीन, काय झालं गं विचारीन, पाणी देईन. चूक. हात थांबवायचा, शांतपणे विचारायचं की पुढे करू का थांबू, तिला वेळ द्यायचा, आणि खोदून विचारायचं नाही कारण समुपदेशन हे तुमच्या लायसन्समध्ये नाही. दुसरा, क्लायंटने दिवाळीला, म्हणजे त्यांच्या ख्रिसमसला, महागडी भेट दिली. माझं उत्तर, घ्यायची आणि आपण पण काहीतरी द्यायचं, ओटी रिकामी कशी पाठवणार. ते पण चूक. म्हणजे बघा, मी चांगली शेजारीण म्हणून पास झाले असते, थेरपिस्ट म्हणून नापास.

मी नवऱ्यावर चिडचिड केली, हे लोक कोरडे आहेत, रडणाऱ्या बाईला हात लावायचा नाही म्हणे. तो म्हणाला ती तुला हात लावायचे पैसे देतीये, रडल्यावर कसा लावायचा ते तिने ठरवू दे ना. मला तेव्हा राग आला पण पटलं पण. परत बसायला ३० दिवस थांबावं लागतं आणि परत पूर्ण २६५ डॉलर. जुलैच्या शेवटी पुन्हा गेले, या वेळी प्रत्येक प्रश्नाला 'कोल्हापूरची मी काय करेन' हे आधी ठरवायचं आणि ते उत्तर सोडून द्यायचं. पास.

राज्याच्या कायद्याची अजून एक वेगळी परीक्षा असते, ज्युरिसप्रुडन्स, ती घरी बसून ऑनलाइन दिली, त्याचं काही विशेष नाही.

मग ठसे. गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासायला दहाही बोटांचे ठसे राज्याच्या पोलिसांकडे आणि एफबीआयकडे जातात. केंद्रात एक तरुण मुलगा होता, त्याने माझी बोटं काचेवर ठेवली, स्क्रीनकडे बघितलं, परत ठेवली, पुसली, परत ठेवली. मला म्हणाला मॅडम, तुमच्या बोटांवर रेषाच दिसत नाहीत. मी म्हटलं असं कसं. म्हणाला तुम्ही काय काम करता? आता हसावं का रडावं, ज्या कामाचं लायसन्स काढायला आलेय त्याच कामाने बोटं घासली गेली, वर दिवसातून वीस वेळा साबणाने हात धुणं आणि घरची भांडी. त्याने कसेबसे पाठवले. दोन आठवड्यांनी ईमेल, ठसे नाकारले, परत या. मग त्या नेल सलॉनवाल्या मैत्रिणीने सांगितलं की आठवडाभर भांड्याला हात लावू नकोस आणि रात्री क्रीम लावून हातमोजे घालून झोप. नवऱ्याने आठ दिवस भांडी घासली. या सगळ्या प्रकरणातले माझे सगळ्यात आवडते आठ दिवस ते. दुसऱ्यांदा ठसे गेले.

खरं सांगू, ठसे देताना मला कमीपणा वाटला होता. बाळाला तेल लावायला निघालेली बाई आणि तिचे ठसे एफबीआयकडे. शिवाय धंद्याच्या जागेत मानवी तस्करीची हेल्पलाइन लिहिलेली पाटी, लायसन्सवर फोटो चिकटवून ते भिंतीवर, रिन्यूअलला त्याच तस्करीच्या विषयावरचं ट्रेनिंग. जणू काही आपण आधी संशयित आणि मग थेरपिस्ट. आईचा तो खाली गेलेला आवाज आणि टेक्सासचा कायदा यांचं एकमत आहे असंच वाटायचं मला.

लायसन्स आलं सप्टेंबरमध्ये. एमटी आणि पुढे आकडे. मी एका कायरोप्रॅक्टरच्या, म्हणजे पाठ-मणक्यावर हाताने उपचार करणाऱ्याच्या, ऑफिसात मागची खोली तासांवर भाड्याने घेतली. आपण एकटीनेच काम करणार असू तर मसाज एस्टॅब्लिशमेंटचं म्हणजे जागेचं वेगळं लायसन्स लागत नाही, पण धंद्याला नाव दिलं तर ते नाव जिथं जिथं लिहाल तिथं आपलं पूर्ण नाव किंवा लायसन्स नंबर पाहिजे. मी मोठ्या हौसेने आजीच्या नावाने कार्ड छापलं आणि त्याखाली नंबर. आजीला कुठं होतं लायसन्स म्हणत होते ना, आता आहे.

पहिल्याच महिन्यात रात्री दहाला एक फोन आला. पुरुषाचा आवाज, भाव विचारला, मग जरा थांबून विचारलं, अजून काय काय करता. मला कळायला दोन सेकंद लागली. हात थरथरत होते पण तोंडातून जे आलं ते शाळेतलं पाठ केलेलंच, मी राज्याची परवानाधारक मसाज थेरपिस्ट आहे, माझा लायसन्स नंबर हा, सेशनला पूर्ण ड्रेपिंग असतं. नंबर अर्धा सांगेपर्यंत फोन कट. नंतर असे चार-पाच आले असतील. मी दर वेळी नंबर सांगते. इतका उपयोगी मला माझा पासपोर्ट पण कधी पडला नाही.

आपल्या लोकांची तऱ्हा वेगळी. इथे पहिल्या सेशनआधी एक कागद सही करून घ्यावा लागतो, कुठल्या पद्धतीचा मसाज करणार, शरीराच्या कुठल्या भागावर करणार आणि कुठला सोडणार, चादर असेल, आणि अस्वस्थ वाटलं तर कधीही थांबवायला सांगू शकता, खाली क्लायंटची सही आणि माझी. आपल्या बायका हसतात. अगं तुझ्याकडून तेल लावून घ्यायला करारनामा कशाला? एक जण म्हणाली घर घेताना एवढ्या सह्या नव्हत्या. बाळांच्या मालिशचा कोर्स मी नंतर केला, तिथं तर बाळाच्या वतीने आईची लेखी परवानगी. मी सही करून घेतेच. आणि एक सांगते, त्या हसणाऱ्या बायकांतलीच एक, आपलीच, पन्नाशीची, तो 'कुठला भाग सोडायचा' रकाना बघून गप्प झाली आणि खूप वेळाने पेनाने पोट असं लिहिलं. मी काही विचारलं नाही. तीन वेळा आली, तीनदा मी पोट सोडून केलं. चौथ्या वेळी तिने तो रकाना रिकामा ठेवला. तिने सांगितलं नाही आणि मी अजून पण विचारलेलं नाही, आणि हे न विचारणं मला किती जड जातं ते मला ओळखणाऱ्यांना माहीत आहे.

पाचशे तास जास्त आहेत का? माझ्या मते जिला आधीपासून हात चालवता येतो तिच्यासाठी सरावाचे तास कमी करायला हरकत नसावी, आणि सात हजार डॉलर ही रक्कम आमच्या वर्गातल्या त्या आजीबाईंना झेपली नाही, त्या अर्ध्यात सोडून गेल्या. पॅथॉलॉजीचे ४० मात्र मी ६० केले असते. आपल्याकडे फिजिओथेरपिस्टला महाराष्ट्रात कौन्सिलची नोंदणी लागते, आणि बाळंतिणीकडे येणाऱ्या मालिशवाल्या मावशींना कुणी पोटरीची सूज कशी ओळखायची एवढंही सांगत नाही.

दोन वर्षांनी रिन्यूअल, १२ तासांचं कंटिन्युइंग एज्युकेशन, ते झालं २०२४ मध्ये. त्याच वेळी आई सहा महिन्यांसाठी आली होती. मी तिला खोली दाखवायला घेऊन गेले. टेबल बघितलं, तेलाच्या बाटल्या हुंगून बघितल्या, यात वेखंड नाही म्हणाली. ती हेल्पलाइनची पाटी चष्मा लावून वाचली, माझ्याकडे बघितलं, काही बोलली नाही. मग भिंतीवरच्या लायसन्ससमोर बराच वेळ उभी राहिली, राज्याचा शिक्का, माझं नाव, नंबर, कोपऱ्यात फोटो. मी वाट बघत होते काय म्हणते.

"सरकारी कागदावरचा फोटो," ती म्हणाली, "आणि टिकली नाही लावलीस?"